क्लाउडवर फोटो आहे, मग फोनमधून उडवला तरी चालेल?

‘गूगल फोटोजवर चढला, आता फोनमधून उडवा’ हा सल्ला अर्धाच खरा. त्याच अ‍ॅपमध्ये डिलीट दाबलं तर फोटो क्लाउडवरूनही जातो. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, मग कायमचा गेला. फक्त जागा हवी असेल तर प्रोफाइल चित्रावर टॅप करून ‘फ्री अप स्पेस’ वापरा. त्याने फोनमधली प्रतच जाते. अ‍ॅपलच्या आयक्लाउड फोटोजमध्ये तर आयफोनवर पुसलेला फोटो आयपॅडवरूनही नाहीसा होतो, आणि परत आणायची मुदत साधारण ३० दिवसांचीच.

याला सिंक म्हणतात, म्हणजे एकीकडचा बदल सगळीकडे होणं; बॅकअप नव्हे. वेगळी प्रत हवीच: ‘गूगल टेकआउट’मधून सगळं उतरवून हार्ड डिस्कवर ठेवा. फोटोंसोबत येणाऱ्या जेसन फाइली (नावाच्या शेवटी .json असलेल्या) कचरा समजून फेकू नका (बरेच जण फेकतात). अ‍ॅपमध्ये दुरुस्त केलेल्या तारखा आणि वर्णनं त्यांतच असतात.