खरखर काढणारा प्रोग्रॅम कुठे मिळतो?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर देवळाच्या अग्रशाळेतलं एक लाकडी कपाट रिकामं केलं, तेव्हा बुटांच्या तीन खोक्यांत भरलेल्या 62 कॅसेट सापडल्या. आमचं गाव फोंडा तालुक्यातलं. जत्रेला गावातली हौशी मंडळी संगीत नाटक बसवतात, आणि ऐंशीच्या दशकात कुणाला तरी रंगमंचासमोर टेपरेकॉर्डर ठेवायची बुद्धी झाली. त्या गाणाऱ्यांपैकी आज मोजकेच हयात आहेत. आपल्या दमट हवेत कॅसेटला बुरशी धरते. कित्येक फितींवर पांढरे ठिपके आले होते. आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांचा आवाज 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाला. आमच्या गावकऱ्यांचे आवाज मात्र कपाटात विरत चालले होते. ते मला वाचवायचे होते.

टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडून आवाज आत घेणं जमलं. अडलं ते खरखरीपाशी. फितीची सततची सळसळ, त्यात मागच्या जनरेटरची घरघर, आणि या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी पद. इंटरनेटवर शोध घेतला तर वरती आल्या त्या सगळ्या जाहिराती: पहिली काही मिनिटं फुकट, मग महिन्याला पैसे. एका प्रोग्रॅमने माझी फाइल घेतली, साफही केली, आणि परत देताना पैसे मागितले. आठवडाभर असाच गेल्यावर फर्मागुढीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याने एक नाव सांगितलं: ऑडॅसिटी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केलेला, 2000 सालापासून कुणालाही मोफत मिळणारा, ज्याचा कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मूळ सूचना, उघडून वाचता येतो असा प्रोग्रॅम.

तो काम कसं करतो हे समजून घेण्यासारखं आहे. नाटकात पहिला सूर लागण्याआधीचे दोन-तीन सेकंद, जिथे निव्वळ खरखर आहे, ते आधी प्रोग्रॅमला निवडून दाखवायचे. फूरिये या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं गणित वापरून तो त्या तुकड्याची निरनिराळ्या कंपनसंख्यांच्या पट्ट्यांत फोड करतो आणि प्रत्येक पट्ट्यात खरखर किती जोराची आहे याची नोंद ठेवतो. मग सगळ्या रेकॉर्डिंगभर ज्या क्षणी ज्या पट्ट्यातला आवाज या नोंदीच्या वर चढत नाही, तिथे तो दाबून टाकतो. गाणं वर चढतं म्हणून वाचतं. फार दाबलं तर गळा पाण्याखालून आल्यासारखा वाटतो, म्हणून हात हलका ठेवावा लागतो.

पहिली कॅसेट साफ झाली त्या रात्री मला आनंद झाला आणि रागही आला. इतकी चांगली, इतकी जुनी आणि फुकट गोष्ट मला आठवडाभर दिसली का नाही?

ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा मूळ कोड सर्वांसमोर मांडलेला असतो. तो वापरायला, तपासायला, बदलायला आणि पुढे वाटायला परवाना असतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली या विचाराची चळवळ सुरू केली. 'ओपन सोर्स' हा शब्द रूढ झाला 1998 पासून. अशा बहुतेक प्रकल्पांमागे जाहिरातीचा पैसा नसतो. पण दिसत नाहीत याचं तेवढंच कारण नाही. दुसरं कारण शब्दांत दडलेलं आहे, आणि त्यावर चांगलं संशोधन झालेलं आहे.

1987 साली जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न तपासला: एकाच वस्तूला किंवा कामाला दोन माणसं आपापल्या मनाने नाव देऊ लागली, तर ते नाव जुळण्याची शक्यता किती? उत्तर आलं, 20 टक्क्यांहून कमी. म्हणजे पाचांतल्या निदान चार वेळा मी एक शब्द टाइप करणार आणि बनवणाऱ्याने दुसराच लिहिलेला असणार. मी शोधत होतो 'जुन्या कॅसेटची खरखर'. ऑडॅसिटी स्वतःला 'मल्टीट्रॅक ऑडिओ एडिटर' म्हणवतो. शिवाय आपण मराठीत विचार करून इंग्रजीत शोधतो. दोन ठिकाणी निसटायची सोय.

याचा सगळ्यात जोरदार अनुभव मला गावच्या वाचनालयामुळे आला. तिथल्या ग्रंथपालबाईंना पुस्तकांची देवघेव संगणकावर घ्यायची होती. मी 'लायब्ररी' आणि 'ओपन सोर्स' हे शब्द टाकले आणि हजारो भलत्याच गोष्टी समोर आल्या, कारण प्रोग्रॅमर मंडळी तयार कोडच्या गाठोड्यालाच 'लायब्ररी' म्हणतात! पणजीत ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या एका ओळखीच्या बाईंनी त्यांच्या व्यवसायातला शब्द दिला, 'इंटिग्रेटेड लायब्ररी सिस्टिम', आणि एका मिनिटात 'कोहा' सापडला. न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ भागातल्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली 2000 साल उजाडताच बंद पडेल अशी भीती होती. नवी विकत घेण्याऐवजी त्यांनी 1999 मध्ये एक लिहून घेतली, 2000 च्या जानेवारीत सुरू केली आणि जगाला देऊन टाकली. कोहा हा माओरी शब्द आहे. अर्थ भेट, पण परतफेडीची अपेक्षा धरून दिलेली. आपला आहेर म्हणजे दुसरं काय? मला हे नाव फार आवडलं.

तेव्हापासून प्रोग्रॅम शोधायच्या आधी मी त्या कामाचा शब्द शोधतो. तो त्या धंद्यातल्या माणसाकडे असतो, किंवा विकिपीडियावरच्या त्या विषयाच्या लेखात सापडतो.

शब्द मिळाला की दहा-बारा नावं समोर येतात आणि निवडायचं कसं हा प्रश्न येतो. गिटहब या संकेतस्थळावर, जिथे आज असे असंख्य प्रकल्प राहतात, प्रत्येकाच्या डोक्यावर ताऱ्यांची संख्या असते. जास्त तारे तो चांगला, असं मीही धरून चाललो होतो. पण तारा म्हणजे कुणीतरी 'पुढे कधीतरी बघू' म्हणून ठेवलेली खूण. ती ठेवणाऱ्याने प्रोग्रॅम उघडलाच असेल असं नाही, आणि तारे विकतही मिळतात.

गर्दीवर किती भरवसा ठेवावा याचा एक सुंदर प्रयोग मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी 2006 साली 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची 48 गाणी आणि 14,341 ऐकणारे. काहींना फक्त गाणी दिसत होती, आधी किती जणांनी ती उतरवून घेतली हे दिसत नव्हतं. बाकीच्यांची आठ वेगळी 'जगं' केली, आणि प्रत्येक जगातल्या लोकांना आपल्या जगातला आकडा दिसत होता. सगळीकडे सुरुवात शून्यापासून. जिथे आकडा दिसत होता तिथे पुढे असलेली गाणी आणखी पुढे गेली, मागची आणखी मागे पडली. आणि आठ जगांत पहिली आलेली गाणी सारखी नव्हती! फारच चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही, अगदी वाईट सहसा वर आलं नाही. मधल्या साऱ्यांचं नशीब सुरुवातीला कुणाचा हात कुठे पडला यावर ठरलं. उपयोगी सॉफ्टवेअर बहुतांशी या मधल्या गर्दीतच असतं. म्हणून आता मी तारे शेवटी पाहतो.

आधी पाहतो ती राबती माणसं. कोड शेवटचा केव्हा बदलला, लोकांनी नोंदवलेल्या तक्रारींना उत्तरं मिळतात का, उत्तर देणारा एकटाच आहे की चार-पाच जण. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्यामागे एक थरारक घटना आहे.

29 मार्च 2024 रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केलं की 'एक्सझेड' या छोट्याशा प्रोग्रॅममध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवलाय. एक्सझेडचं काम फाइली दाबून लहान करणं. लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच पण ओपन सोर्स असलेल्या प्रणालीवर, चालणाऱ्या बहुतेक संगणकांत तो असतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. कित्येक वर्षं तो मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, तोही फावल्या वेळात आणि थकलेला. 2021 च्या सुमारास 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी मदतीला आलं. दोन वर्षांहून अधिक काळ नीट, उपयोगी काम करून विश्वास कमावला, सहसांभाळकर्त्याचे अधिकार मिळवले, आणि 2024 च्या फेब्रुवारीत आलेल्या 5.6.0 या आवृत्तीत विष कालवलं. फ्रॉइंड दुसरंच काहीतरी तपासत होते. दूरच्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांना खटकलं आणि ते खोदत गेले. जगभरच्या सर्व्हरवर पसरायच्या आत दरवाजा सापडला. कोड उघडा होता म्हणून तो खोदता आला, हे खरं. पण एका थकलेल्या माणसाच्या खांद्यावर एवढा भार कुणाला दिसला नव्हता, हेही तितकंच खरं.

एक सावधगिरी मात्र हवी. कोड शांत आहे म्हणजे प्रकल्प मेला असं नेहमी नसतं. डोनाल्ड कनुथ यांचा 'टेक' हा छपाईची जुळणी करणारा प्रोग्रॅम वर्षानुवर्षं बदलत नाही, कारण तो पुरा झालाय. चूक सापडली की दुरुस्त होते आणि आवृत्तीच्या क्रमांकात 'पाय' (π) या गणितातल्या संख्येचा पुढचा एक अंक वाढतो. 2021 साली तो 3.141592653 वर पोचला. मात्र इंटरनेटशी बोलणारा प्रोग्रॅम तीन वर्षं गप्प असेल तर त्याला मी हात लावत नाही.

नवे प्रकल्प सापडण्याची माझी सगळ्यात आवडती वाट मला नाटकानेच शिकवली. जत्रेच्या हस्तपत्रकावर गायक नटाचं नाव मोठं असतं, खाली बारीक अक्षरात ऑर्गन आणि तबला. गावात चांगला पेटीवाला हवा असेल तर आपण चांगल्या गायकांचे साथीदार कोण ते वाचतो, आणि दोन-तीन हस्तपत्रकांवर तेच नाव दिसलं की माणूस पक्का. प्रत्येक ओपन सोर्स प्रकल्पही आपले साथीदार लिहून ठेवतो, कारण एकही प्रोग्रॅम एकटा उभा नसतो. ऑडॅसिटीला जादा प्रकारच्या फाइली उघडायला 'एफएफएमपेग' लागतो. गाणी आणि सिनेमे लावणाऱ्या व्हीएलसीच्या आत त्याचाच भाग आहे, व्हिडिओ कापायच्या केडेनलाइव्हमध्येही तोच. फॅब्रिस बेलार यांनी 2000 साली सुरू केलेल्या या साथीदाराचं नाव कुठल्याच जाहिरातीत नसतं. मी तो वापरायला शिकलो आणि 62 कॅसेटच्या फाइली एका ओळीच्या आज्ञेने हव्या त्या प्रकारात बदलल्या.

छापील नाट्यपुस्तकं आणि जुनी हस्तपत्रकं टाइप करायचं कामही असंच सुटलं. पीडीएफमधलं अक्षर ओळखणाऱ्या 'ओसीआरमायपीडीएफ'च्या साथीदारांत 'टेसरॅक्ट' दिसला. ह्युलेट-पॅकार्डने 1985 ते 1994 या काळात घडवलेला, 2005 साली खुला केलेला. त्याला मराठी येतं, पण मराठीची फाइल वेगळी बसवावी लागते. ती न बसवता 'मराठी चालत नाही' म्हणणारे मला बरेच भेटले. स्वच्छ छापील पान तो चांगलं वाचतो. आमच्या आजोबांच्या पदांच्या हस्तलिखित वहीपुढे मात्र त्याने हात टेकले. म्हणून कुठलाही प्रोग्रॅम पारखायचा तर आपल्याकडचा सगळ्यात वाईट नमुना त्याच्यापुढे ठेवावा, त्यांच्या पानावरचा देखणा नमुना नव्हे.

अँड्रॉइड फोनवर शोधायचं तर एफ-ड्रॉइड हे ॲपचं भांडार आहे. तिथे ॲप ओपन सोर्सच असतात आणि एखादं आपल्यावर पाळत ठेवत असेल तर तसा इशाराही लिहिलेला असतो. लिनक्स वापरणाऱ्यांना 1993 पासूनच्या डेबियनची, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकाराची, प्रोग्रॅमची यादी आहे. त्यातल्या प्रत्येक पॅकेजची कुणीतरी स्वयंसेवकाने जबाबदारी घेतलेली असते, परवाना तपासलेला असतो. मी तिथली वर्णनं वर्तमानपत्रासारखी वाचतो.

साथीदारांच्या या वाटेवरच मला 'डीमक्स' सापडला. फेसबुकच्या संशोधकांनी बनवलेला हा प्रोग्रॅम एका गाण्याचे चार भाग करतो: गळा, ड्रम, बेस आणि उरलेलं. त्याला शिकवलंय पाश्चात्त्य धर्तीच्या गाण्यांवर, त्यामुळे आमचा तबला थोडा ड्रममध्ये, थोडा बेसमध्ये गेला आणि पेटी 'उरलेलं' या खात्यात. पण गळा सुटा झाला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नुसता गळा, तानेतला श्वाससुद्धा ऐकू येणारा.

तो फोनवर घालून मी आमच्या वाड्यावरच्या आजोबांकडे नेला. त्या नाटकात नायकाचं काम त्यांनीच केलं होतं. पद पुरं होईपर्यंत ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग फोन माझ्या हातात परत देत म्हणाले, "बरें जालां रे. पूण पेटी खंय गेली?"

पेटी वाजवणारा त्यांचा धाकटा भाऊ होता. घरी येऊन मी चारही भाग पुन्हा एकत्र केले, पेटी थोडी पुढे घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो.