कट्यारीची मूठ आणि पात्याचे इंच : लढाऊ सुऱ्याच्या निवडीची पार्श्वभूमी

लढाऊ सुरा घेणारा माणूस आज सर्वप्रथम पाते किती इंची आहे हे विचारतो, आणि ग्वाल्हेरात तर हा प्रश्न जवळजवळ सवयीचा झाला आहे. पूर्वी सुऱ्याची पारख मुठीपासून सुरू होत असे आणि पाते त्यानंतर पाहिले जाई. सुरा धन्याला शोभतो की नाही हे ठरवण्याची रीत मुठीकडून इंचांकडे कशी सरकली, याची हकिगत मुख्यतः गेल्या दीडशे वर्षांतली आहे. त्याआधीचा काळ येथे थोडक्यातच घेतला आहे.

मराठा फौजेत बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने शिलेदारापुढेच होता. कट्यार, बिचवा, खंजीर, जंबिया, पेशकब्ज अशी सारी हत्यारे एकाच बाजारात मिळत असली तरी ती एकमेकांच्या जागी चालत नसत. पेशकब्जाची जाड पाठ आणि निमुळते टोक चिलखताच्या कड्यांतून शिरण्यासाठी घडवलेले असे. बिचवा हलका आणि वळणदार असून त्याची कड्यासारखी मूठ बोटांत अडकून राही, त्यामुळे तो लपवून नेणाऱ्याला सोयीचा होता. मात्र रुंद पंजाच्या माणसाला त्या कड्यात चार बोटे बसवणेच कठीण जाई.

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या जुन्या वाड्यांत दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी निघणारी कट्यार हातात घेतली, की ही गोष्ट सांगावी लागत नाही. दोन उभ्या पट्ट्या मनगटाच्या दोन्ही बाजूंनी मागे येतात, त्यांच्यामध्ये दोन आडवे दांडे असतात आणि मूठ त्या दांड्यांवर आवळली जाते. पाते हाताच्या सरळ रेषेत राहते, म्हणून ठोशाबरोबर खांद्याचा जोर थेट टोकापर्यंत पोहोचतो. पट्ट्यांमधले अंतर इतके नेमके असते की आजच्या भरदार हाताची करंगळी त्यात चेपते, आणि बोटांची पेरे पट्ट्यांना घासतात. हे अंतर सैल ठेवले तर वार लागताना कट्यार मुठीत फिरते आणि इजा धन्याच्याच मनगटाला होते. दखनी कट्यारींपैकी काहींना बोटांवर पोलादी आच्छादन असे आणि त्यांत फिरंगी तलवारींची कापलेली पातीही बसवलेली दिसतात. म्हणजे पाते परक्या मुलखातून आले तरी चालत होते, परंतु मूठ येथल्या हाताला बेतलेली लागे. शस्त्रपूजेत पात्यावर लावलेले ओले कुंकू तसेच राहू दिले की दुसऱ्या वर्षी तेथे गंजाचा ठिपका उमटतो, हे या वाड्यांतल्या जाणत्यांना ठाऊक असते आणि ते पूजेनंतर तेलाचा बोळा फिरवल्याशिवाय हत्यार म्यानात घालत नाहीत.

हत्यार धन्याऐवजी कोठारातून ठरू लागले ते कवायती पलटणींबरोबर. उत्तर हिंदुस्थानात १७८४ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या पलटणींत बंदूक आणि संगीन एकाच नमुन्याची असे. १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली फौजेची छावणी पडून पुढे तिचेच लष्कर शहर झाले, तेव्हा शिलेदारी आणि कवायती अशा दोन्ही रीती येथे शेजारी शेजारी नांदत होत्या.

दुसऱ्या महायुद्धाने या प्रश्नाला आधुनिक रूप दिले. १९४१ मध्ये ब्रिटिश कमांडो पथकांसाठी एक दुधारी खंजीर तयार झाला. त्याची रचना शांघायच्या पोलिसांत काम केलेल्या दोन अधिकाऱ्यांची होती. त्याचे पाते सुमारे ७ इंच लांब, अरुंद आणि टोकाकडे फार बारीक होते, कारण तो भोसकणे या एकाच कामासाठी बनवलेला होता. प्रत्यक्षात सैनिक त्यानेच डबे उघडत, दोर कापत, खोकी उचकटत, आणि त्यात टोके मोडत. १९४२ च्या अखेरीस अमेरिकन मरीन सैनिकांसाठी स्वीकारलेल्या सुऱ्याचेही पाते ७ इंचांचेच होते. परंतु ते रुंद व मुख्यतः एकधारी असून मुठीवर चामड्याच्या चकत्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या होत्या, ज्यामुळे घामाने किंवा पावसाने भिजलेल्या हातातही पकड टिकत असे. एकाच लांबीचे हे दोन सुरे दोन वेगळ्या धन्यांचे होते, आणि लांबीवरून सुऱ्याविषयी किती थोडे कळते हे याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

असे असूनही पुढचा सारा व्यवहार लांबीवरच आला, तो कायद्यामुळे. ब्रिटिश मुलखातला १८७८ चा शस्त्र कायदा हत्यारे नावाने मोजत होता. संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती, धनुष्यबाण अशी ती यादी होती आणि तिच्यात इंच नव्हते. २८ मे १९४८ रोजी, ग्वाल्हेर ज्यात होते तो मध्यभारत प्रांत अस्तित्वात आला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मध्य प्रदेशात मिसळला, आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून १९५९ चा नवा शस्त्र कायदा नियमांसह लागू झाला. या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात, पाचव्या वर्गात, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे ही मर्यादा आली. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली अवजारे तिच्यातून वगळली होती.

पुष्कळ जण येथेच चुकतात. ९ इंचांहून लांब सुरा ठेवायला देशभर परवाना लागतो असे समजले जाते, पण अशा हत्याराचा परवाना कायद्याच्या कलम ४ ची अधिसूचना ज्या भागात लागू असेल तेथेच लागतो, आणि कोणत्या वर्णनाचे हत्यार त्या अधिसूचनेत घालायचे हेही अधिसूचनाच ठरवते. मध्य प्रदेशाची अधिसूचना २२ नोव्हेंबर १९७४ ची आहे. तिच्यात मर्यादा ६ इंच लांबीची किंवा २ इंच रुंदीची असून खटक्याने उघडणारा चाकू कोणत्याही लांबीचा असला तरी तिच्या कक्षेत येतो, आणि तिचा रोख सार्वजनिक ठिकाणांवर आहे. त्यामुळे ग्वाल्हेरात नियमांतले ९ इंच आणि अधिसूचनेतले ६ इंच अशी दोन मापे एकाच वेळी बोलली जातात, आणि ७ किंवा ८ इंची सुरा घेणाऱ्याला दोन दुकानदार दोन परस्परविरुद्ध गोष्टी सांगू शकतात. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने यांत्रिक रीतीने उघडणाऱ्या चाकूंसाठी ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी हे तिसरेच माप घातले. ग्वाल्हेराहून दिल्लीला जाणारी गाडी काही तासांतच पोहोचते, पण खिशातल्या चाकूचा कायदा तेवढ्यात बदललेला असतो.

१९७४ च्या निर्णयामागचे कारण समजण्यासारखे आहे. रस्त्यावर झडती घेणाऱ्या शिपायाला हत्याराचा हेतू ओळखता येत नाही. पट्टीने मोजता येईल असे काही तरी त्याच्या हाती द्यावे लागते. न्यायालयातही जप्तीच्या पंचनाम्यात पात्याचे माप नोंदलेले आहे की नाही, हा प्रश्न निर्णायक ठरू शकतो. तरीही या मापाने हत्यारांची जी विभागणी केली ती हत्यारांच्या स्वभावाला धरून नाही, असे मला ठामपणे वाटते. कट्यारीचे पाते मुठीपाशी रुंद असते आणि कित्येक कट्यारींत ही रुंदी २ इंचांच्या पुढे जाते, म्हणून लांबीने आखूड असलेली पूजेतली कट्यारसुद्धा मिरवणुकीत बाहेर काढताच अडचणीत येते. उलट केवळ भोसकण्यासाठी बनवलेला, साडेपाच इंची, अरुंद, दुधारी खंजीर मापात बसतो. शेतीसाठी म्हणून घडवलेला कोयता तर या हिशेबातच धरला जात नाही.

दुसरा गुंता घरातल्या हत्यारांचा आहे. अधिसूचनेचा रोख सार्वजनिक ठिकाणांवर असल्यामुळे वाड्याच्या भिंतीवरची कट्यार आणि त्याच कट्यारीसह चौकात उभा असलेला माणूस या दोन गोष्टी वेगळ्या ठरतात. परंतु वारसांमध्ये वाटणी होऊन हत्यार एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचे असेल, किंवा शिकलगाराकडे पाते साफ करायला द्यायचे असेल, तर वाटेतला रस्ता सार्वजनिकच असतो. जुन्या घराण्यांतली हत्यारे पेटीत बंद होण्यास जशी ही भीती कारणीभूत आहे, तशीच ती कोठे तरी गुपचूप विकली जाण्यासही आहे. शिखांच्या कृपाणाला राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदातील स्पष्टीकरणाने आधार दिला आहे. दसऱ्याच्या हत्यारांसाठी त्या अनुच्छेदात असा उल्लेख नाही.

२०१६ मध्ये १९६२ चे नियम जाऊन नवे नियम आले, तरी ९ इंच आणि २ इंच ही मर्यादा कायम राहिली. आज सुरा विकणारा पात्याची लांबी ठळक अक्षरांत सांगतो, पोलादाचा प्रकार सांगतो, म्यान दाखवतो; मुठीचा घेर मात्र क्वचितच सांगतो. घेणाऱ्याने राज्यातले माप आधी पाहावे हे बरोबरच आहे, कारण कायद्याच्या बाहेरचा सुरा कोणालाही शोभत नाही. त्या मापाच्या आत आल्यावर मात्र मूठ आवळताना बोटांची टोके तळहातात रुतत नाहीत ना, बोट पात्यावर घसरू नये अशी आड मुठीपुढे आहे ना, पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेले आहे की मध्येच संपले आहे, आणि ओल्या हातात तीच पकड राहते का, हे सुरा प्रत्यक्ष हातात धरूनच पाहावे लागते.