टाटाचा गैरसमज: एमआरएनए मोडणाऱ्या प्रथिनांची पार्श्वभूमी

पेशीतल्या एमआरएनएची, म्हणजे जनुकाचा निरोप नेणाऱ्या रेणूची, विल्हेवाट लावणाऱ्या एका मोठ्या प्रथिन-संकुलाचं नाव आहे सीसीआर४-नॉट. नावाच्या दोन्ही तुकड्यांचा त्याच्या मुख्य कामाशी संबंध नाही. सीसीआर हा तुकडा आला १९८०च्या दशकातून, ग्लुकोज मिळाल्यावर यीस्टची कोणती जनुकं गप्प बसतात या अभ्यासातून. नॉट हा तुकडा १९९४चा. मार्टिन कोलार आणि केव्हिन स्ट्रुल यांनी शोधलेली ही प्रथिनं ‘निगेटिव्ह ऑन टाटा-लेस’, म्हणजे टाटा नसलेल्या जागांवरून जनुकवाचन आवरणारी, म्हणून नॉट. (टाटा म्हणजे डीएनएतली टी-ए-टी-ए ही अक्षरं. उद्योगसमूहाचा इथे काही संबंध नाही!)

थोडक्यात, ही प्रथिनं डीएनएवरून एमआरएनए उतरवून घेण्याच्या पायरीवर बसलेली आहेत असा सगळ्यांचा समज होता. तो मूर्खपणा म्हणता येणार नाही. प्रयोगात हाती लागतं ते एमआरएनएचं प्रमाण. टाकीतलं पाणी कमी झालेलं दिसलं, तर नळ बारीक झाला की तळाचं बूच निघालं हे नुसतं बघून कळत नाही. आणि त्या काळी बहुतेकांचे डोळे नळाकडे लागलेले होते.

ही सवय १९६१ची. त्या वर्षी फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी जनुक-नियंत्रणाची मांडणी केली. साखर संपली की जीवाणू ती पचवणारं एन्झाइम बनवणं काही मिनिटांत थांबवतो. म्हणजे जनुकाचा निरोप नेणारा रेणू अल्पायुषीच असला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. सिडनी ब्रेनर, जाकोब आणि मॅथ्यू मेसेलसन यांनी अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत प्रयोग करून असा रेणू असतो हे दाखवलंही. नाशवंतपणा हा एमआरएनएचा जन्मापासूनचा गुण, पण तो गृहीत धरला गेला आणि पुढची वर्षं गेली ती मुख्यतः जनुकाचं बटण दाबणाऱ्या प्रथिनांच्या शोधात.

नाश हासुद्धा लिहून ठेवलेला असतो, हे १९८६ मध्ये एका सुटसुटीत प्रयोगाने दिसलं. ग्रे शॉ आणि रॉबर्ट केमन यांनी पांढऱ्या पेशींच्या वाढीला लागणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातून शेवटाकडची ५१ अक्षरं उचलली. एमआरएनएत उतरल्यावर त्यात ए आणि यू यांचीच गर्दी. ती त्यांनी सशाच्या बीटा-ग्लोबिन (हिमोग्लोबिनचा एक घटक) जनुकाच्या शेपटाकडे डकवली. ग्लोबिनचा एमआरएनए चांगला टिकाऊ म्हणून ओळखला जातो. या तुकड्यानंतर तो झपाट्याने नाहीसा होऊ लागला. एकूण आयुष्य ठरवायला एवढीशी चिठ्ठी पुरली.

ती चिठ्ठी वाचून पुढे नेमकं कोण काय करतं, याचा क्रम यीस्टने शिकवला. एमआरएनएच्या पुढच्या टोकाला एक टोपी असते आणि मागे ए अक्षरांचं शेपूट, यीस्टमध्ये साधारण ७०, सस्तन प्राण्यांत २००च्या आसपास. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात रॉय पार्कर यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की आधी शेपूट झिजतं, मग टोपी उडते, आणि मग एक्सआरएन१ नावाचं एन्झाइम पुढून खात सुटतं. शेपूट कातरणारा कोण, हे मात्र कळत नव्हतं. २००१ मध्ये त्याच प्रयोगशाळेने उत्तर दिलं: सीसीआर४ आणि त्याचा जोडीदार सीएएफ१. इतकी वर्षं नळापाशी शोधलेला माणूस बुचाजवळ बसलेला निघाला. नाव तेच राहिलं.

मागून खाणारं संकुल, एक्झोसोम, १९९७ मध्ये डेव्हिड टॉलर्वे यांच्या गटाला सापडलं, तेही रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, आरएनएची छाटणी तपासताना. (ब्युटी क्लिनिकच्या जाहिरातीतला एक्झोसोम वेगळा. नाव तेवढं एक.) माणसात आणि यीस्टमध्ये त्याची नऊ प्रथिनांची नळी स्वतः काहीच तोडत नाही, आरएनए तिच्यातून ओवला जाऊन खालच्या एन्झाइमपर्यंत पोचतो.

हे सगळं शरीराला कुठे लागतं? टीटीपी नावाचं प्रथिन ए-यूची चिठ्ठी ओळखतं आणि शेपूट कातरणाऱ्यांना बोलावून आणतं. १९९६ मध्ये हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले गेले. जन्मताना ते धडधाकट होते, नंतर वाळत गेले, सांधे सुजले. कारण टीएनएफ हा दाहकारक रेणू प्रमाणाबाहेर बनत होता: त्याचा एमआरएनए वेळेवर मोडला जात नव्हता.

दुसरी गोष्ट आपल्याकडे घराघरात माहीत असलेल्या आजाराची, थॅलेसेमियाची. १९७९ मध्ये एका रुग्णाच्या बीटा-ग्लोबिन जनुकात सतराव्या जागी (जागा मोजायची ती तीन-तीन अक्षरांच्या शब्दांनी) प्रथिन बांधणं अवेळी थांबवणारी ‘थांब’ची खूण सापडली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लोसों आणि लाक्रूत यांना यीस्टमध्ये दिसलं की अशी खूण असलेला एमआरएनए लवकर नष्ट होतो. १९८१ मध्ये लिन मकाट आणि सहकाऱ्यांनी थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेतही तेच दाखवलं. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेने भारतीय रुग्णांतले दोष वर्षानुवर्षं तपासले आहेत. भारतात नेहमी आढळणाऱ्या दोषांपैकी एकात ४१-४२व्या जागी चार अक्षरं गळतात, वाचन सरकतं आणि पुढे भलत्याच जागी ‘थांब’ येतो.

पेशी ही खूण ओळखते ती जोडकामावरून. एमआरएनएचे तुकडे जिथे सांधले गेले तिथे प्रथिनांचा एक पुंजका बसलेला असतो. ‘थांब’नंतरही पुढे असा पुंजका शिल्लक दिसला, तर यूपीएफ१ नावाचं प्रथिन आणि त्याची मंडळी तो निरोप मोडून टाकतात. मग त्या जनुकाचं प्रथिन जवळपास बनतच नाही, पण जनुकाची दुसरी प्रत चांगली असेल तर माणूस वाहक म्हणून बहुधा त्रासाविना जगतो. ग्लोबिनच्या तिसऱ्या, शेवटच्या तुकड्यात अवेळी ‘थांब’ आला तर मात्र पुढे पुंजकाच नसतो. निरोप टिकतो, त्यातून अर्धवट ग्लोबिन बनतं, ते तांबड्या पेशी घडत असतानाच साचून त्यांचा घात करतं, आणि दोषाची एकच प्रत असलेला माणूसही आजारी पडतो.