सूक्ष्मता (वाइनची चव)

पहिल्या घोटाला न जाणवणारा, पण लक्ष देऊन चाखल्यावर ओळखू येणारा स्वाद वाइनच्या वर्णनात ‘सूक्ष्म’ म्हटला जातो. सूक्ष्म म्हणजे पाणचट नव्हे. पाणचट वाइनमध्ये शोधण्यासारखे काही नसते. सूक्ष्म वाइनमध्ये असते, फक्त ते पुढेपुढे करत नाही. गोड्या मसाल्यातले दगडफूल असेच. आमटी खाताना त्याचे नाव कोणी काढत नाही, पण ते घालायचे राहिले तर काहीतरी कमी आहे हे कळते.

चव म्हणून जे सांगितले जाते ते बहुतांशी वासच असतात. घोट तोंडात असताना ते घशामागून नाकात चढतात. त्यासाठी लागणारी मात्रा थक्क करणारी आहे. सॉव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनमधली हिरव्या ढोबळी मिरचीची झाक मेथॉक्सिपायराझिन गटातल्या संयुगांमुळे येते. पाण्यात लिटरमागे सुमारे २ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दोन अब्जांश, एवढ्यावर ती ओळखता येते. मात्रा वाढली की झाक संपते आणि नुसता हिरवट, कच्चा वास उरतो. शिराझ या लाल वाइनमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या संयुगाचा. मिरीच्या दाण्यातही तेच असते. सुमारे पाचांतल्या एकाला मात्र तो जाणवतच नाही. त्यामुळे एकाची ‘सूक्ष्म झाक’ शेजाऱ्याला थाप वाटू शकते, आणि दोघेही खरे बोलत असतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ॲन नोबल यांच्या, १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या गंधचक्रात (वाइनच्या वासांची नावे गटागटाने मांडणाऱ्या गोल तक्त्यात) फळ, त्यातले लिंबूवर्गीय, त्यातले ग्रेपफ्रूट अशी नेमकी उतरंड आहे. ‘डौलदार’सारख्या मोघम शब्दांना तिथे जागा नाही. ‘सूक्ष्म’ही त्याच जातीचा शब्द: तो वासाचे नाव सांगत नाही, वास किती मागे उभा आहे एवढेच सांगतो. म्हणून कशाची झाक ते न सांगता नुसतेच ‘सूक्ष्म’ लिहिणारे वर्णन वाचकाच्या काही कामाचे नाही.

डोळेही फसवतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या बोर्दो येथील प्रयोगात बेचव रंगाने लाल केलेल्या पांढऱ्या वाइनचे वर्णन ५४ जणांनी लाल वाइनच्या शब्दांत केले.

गारठ्यात वास दबतो. नाशिकची सॉव्हिन्याँ ब्लाँ बर्फातून काढल्या काढल्या नुसती गार आणि आंबट लागते. पेल्यात दहा मिनिटे राहू दिली की वास मोकळा होतो. झणझणीत मिसळीवर घेतलेल्या घोटात मात्र ढोबळी मिरची शोधायला जाऊ नये.