पिळलेलं पाणी लगेच ओतू नका

बटाटा किसला की परातीत गढूळ पाणी साचतं, आणि बहुतेक घरांत ते सरळ मोरीत जातं. लाटके (किसलेल्या बटाट्याच्या तळलेल्या टिक्क्या) करणारे अनुभवी हात मात्र ते पाणी वाडग्यात धरून ठेवतात. आठ-दहा मिनिटं त्याला धक्का लावत नाहीत, मग वरचं लालसर पाणी हलकेच ओतून देतात. तळाशी पांढराशुभ्र थर उरतो. तो इतका घट्ट बसलेला असतो की चमच्यानं खरवडावा लागतो. हा थर परत किसात कालवायचा. कुरकुरीत लाटक्यांचं बरंचसं रहस्य त्या थरात आहे.

लाटके हा पूर्व आणि मध्य युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंचा पदार्थ: किसलेला बटाटा, कांदा आणि अंडं एकत्र करून तळलेल्या चपट्या टिक्क्या. तो हनुक्काच्या सणाला हमखास होतो. इसवी सनापूर्वी 164 मध्ये जेरुसलेमचं मंदिर ज्यूंनी परत मिळवून शुद्ध केलं. तिथं दिव्यापुरतं शुद्ध तेल एकाच दिवसाचं उरलं होतं, ते आठ दिवस पुरलं, अशी श्रद्धा आहे. म्हणून सण आठ दिवसांचा आणि जेवण तळणीचं. खुद्द ‘लाटके’ या यिडिश (अश्केनाझी ज्यूंची भाषा) शब्दाचं मूळही ऑलिव्ह तेलाच्या ग्रीक शब्दापर्यंत नेलं जातं. बटाटा या गोष्टीत फार उशिरा आला. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. युरोपात सोळाव्या शतकात पोहोचला आणि पूर्वेकडच्या शेतांत रुजायला पुढची दोनेकशे वर्षं गेली. त्याआधी याच सणाला चीजच्या टिक्क्या तळत.

तेलावरून आठवण होते ती आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची. मराठी बोलणारे हे ज्यू पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावोगावी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. तेलाच्या चमत्काराचा हा सण मात्र त्यांच्या जुन्या परंपरेत नव्हता; बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर तो त्यांच्याकडे आला.

आता वाडग्यातल्या पाण्याकडे येऊ. किसणीचे दात बटाट्याच्या पेशी फोडतात आणि आतले स्टार्चचे कण पाण्यात मोकळे होतात. बटाट्याचे हे कण वनस्पतींमधल्या स्टार्चच्या कणांत मोठे गणले जातात, काही तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे. तांदळाचे कण त्यांच्यापुढे अगदी बारीक. पाण्यात कण किती वेगानं बुडेल हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं: व्यास दहापट, तर वेग शंभरपट. म्हणून तांदळाचं धुवण तासभर ठेवलं तरी पांढुरकं राहतं आणि बटाट्याचं स्टार्च काही मिनिटांत तळ गाठतं. साधारण 60 ते 65 अंश सेल्सियसला हे कण पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि चिकट होतात. किसाच्या काड्या या खळीनं एकमेकींना धरून राहतात, अंडं शिजून तो बांधा पक्का करतं, आणि बाहेरच्या बाजूला हीच खळ सुकून काचेसारखी कडक होते. तीच कुरकुरी पापडी.

स्टार्च हवं, तर मग पाणी का काढायचं? शाळेत घोकलेला आकडा इथे कामी येतो. एक ग्रॅम पाणी 20 अंशांपासून 100 अंशांपर्यंत तापवायला 80 कॅलरी लागतात. त्याच ग्रॅमची वाफ करायला आणखी 540. बटाट्यात जवळजवळ चार-पंचमांश पाणीच असतं. जोवर पृष्ठभागावर ओल आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या फार पुढे सरकत नाही. आणि खरपूस रंग-वास देणारी मायार अभिक्रिया (फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामी मायार यांनी 1912 मध्ये वर्णन केलेली) वेग घेते ती 140 अंशांच्या आसपास. ओला कीस तेलात सोडला तर चुलीची सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते आणि हाती येतो तो उकडलेला, तेलकट लगदा. म्हणून कीस सुती पंचात बांधून मनगटं दुखेपर्यंत पिळावा. मीठ अगदी शेवटी घालावं, कारण ते पेशींतलं पाणी पुन्हा बाहेर ओढतं.

एक किलो बटाट्याला एक मोठा कांदा, दोन अंडी, तीन-चार चमचे मात्झाचा चुरा (मात्झा म्हणजे ज्यूंची बिनखमिरी भाकरी, नसेल तर बारीक रवाही चालतो), मीठ आणि मिरपूड. बटाटा आणि कांदा आलटून पालटून किसावेत. बटाट्यातलं एक विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं कीस तांबूस-काळा करतं, आणि कांद्यातली गंधकयुक्त संयुगं त्या विकराला आवर घालतात. किसणी जाड दातांची बरी. लांब काड्यांची टोकं वेगवेगळी तळली जातात.

बटाटे फ्रिजमधले नकोत. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते आणि मग आतून कच्चे असतानाच लाटके बाहेरून काळवंडतात. मायार अभिक्रियेत ही साखर फार लवकर भाग घेते. 2002 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तळलेल्या बटाट्यात ॲक्रिलामाइड हे घातक संयुग आढळल्याचं जाहीर केलं. तेही याच साखरेपासून आणि ॲस्पॅराजिन या अमिनो आम्लापासून तयार होतं. सोनेरी रंगावर थांबणं चवीलाही चांगलं आणि प्रकृतीलाही.

कढईपेक्षा पसरट तवा घ्या. अर्धा-एक सेंटीमीटर तेल, 180 अंशांच्या जवळपास. चमच्याभर मिश्रण टाकून हलकेच दाबलं की भोवती बुडबुडे उसळतात. ते तेलाचे नव्हेत, बटाट्यातून निघणाऱ्या वाफेचे. वाफ जोरानं बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. एकदम आठ-दहा लाटके टाकले की तेल थंड पडतं, वाफेचा जोर ओसरतो. तेल खरं शोषलं जातं ते बाहेर काढल्यावर: आतली वाफ थंड होऊन आकसते, दाब कमी होतो आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून गरम असतानाच झाऱ्यावर नीट निथळू द्यावं आणि जाळीवर सुटे ठेवावेत. ताटात एकावर एक रचले की खालच्यांची वाफ वरच्यांना भिजवते.

पोलंड-लिथुआनियाच्या थंडीत ऑलिव्ह तेल कुठलं मिळायला! तिथे हंसाच्या चरबीत तळत. ज्यू आहारनियमांनुसार मांसाबरोबर दूध-दही चालत नाही, त्यामुळे चरबीत तळलेल्यांना सफरचंदाचा आंबटगोड गर आणि तेलात तळलेल्यांना आंबट साय अशा दोन्ही जोड्या टिकून राहिल्या. मला गर आवडतो. त्याचं आम्ल तळणीचा जडपणा कापतं.

तळल्यावर मात्र वाट पाहायला लावू नये. मधल्या मऊ भागातली ओल सतत कोरड्या पापडीकडे सरकत असते आणि काही मिनिटांत पापडी नरमते. उरलेच तर 200 अंशांच्या ओव्हनमध्ये जाळीवर ठेवून गरम करावेत. मायक्रोवेव्हमध्ये आतलं पाणी आधी तापतं आणि त्याची वाफ नेमकी त्या पापडीतच मुरते.