दुसऱ्या गाडीची रिम तुमच्या गाडीला बसवताय? पैसे देण्याआधी हे वाचा

"जुन्या सिटीचे अलॉय स्वस्तात मिळालेत, माझ्या स्विफ्टला टाकून द्या." आमच्याकडे अशी मागणी नेहमी येते. होंडा सिटीला चार भोकं, स्विफ्टलाही चार. भोकांच्या वर्तुळाचं माप, म्हणजे पीसीडी, दोन्हीकडे 100. रिम स्टडवर, म्हणजे नट लागतात त्या दांड्यांवर, आरामात सरकते आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण स्टडवर सरकलेली रिम अजून बसलेली नसते. म्हणून सौदा ठरवताना आधी एकच रिम घेऊन या. तपासायचे पैसे आम्ही घेत नाही.

पीसीडी म्हणजे स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. फोर्ड फिगोचा 108 आहे, क्रेटाला पाच स्टड आणि 114.3. इथे जमवाजमव चालत नाही. भोकं लांबट करून किंवा नवी पाडून आम्ही रिम बसवत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ-ड्रिलवर वाट्टेल ते काम होतं हे आम्हालाही माहीत आहे, पण त्या भोकांमधल्या धातूवरच सगळी गाडी उभी असते.

उद्यमनगरचा खरा उपयोग रिमच्या मधल्या भोकासाठी, म्हणजे बोअरसाठी होतो. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे रिमचं मधलं भोक ज्यावर बसतं त्या गोल भागाचा, व्यास 54.1 मिमी, सिटीचा 56.1. म्हणजे सिटीची रिम स्विफ्टवर दोन मिलिमीटर ढिली. नट आवळताना ती बारीकशी एका बाजूला सरकते आणि हायवेला ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. बॅलन्सिंग कितीही वेळा करा, थरथर जात नाही, कारण दोष बॅलन्सिंगचा नसतो. ही फट भरणारी मापाची हब रिंग बसवली की काम होतं. ती तयार मिळते किंवा अॅल्युमिनियमची टर्निंग करून घेता येते. उलट, स्विफ्टची रिम सिटीच्या हबवर चढतच नाही. ती ठोकून चढवू नका.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते नटांकडे. होंडाच्या कंपनी रिममध्ये नटाची बैठक वाटीसारखी गोल असते. स्विफ्टचा नट निमुळता. निमुळता नट त्या बैठकीत फक्त एका बारीक रेषेवर टेकतो. पान्याला घट्ट लागतो आणि थोड्याच किलोमीटरमध्ये ढिला होतो. मग सिटीचेच नट लावावेत? तेही नाही. दोन्ही स्टड 12 मिमीचे असले तरी सिटीच्या आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.5 मिमी आणि स्विफ्टचा 1.25. हाताने एक-दोन फेरे जातात आणि अडकतात. तिथे कुणी नट आवळायची गन लावली की आटे गेले. त्यामुळे या जोडीला 1.25 पिचचे, पण गोल बैठकीचे नट लागतात. ते मागवावे लागतात. मिळेपर्यंत आम्ही गाडी बाहेर सोडत नाही, मग कितीही घाई असो. नट हाताने निदान आठ फेरे फिरला पाहिजे, तेवढी पकड हवी.

रिमवर ईटी 45 असं काही कोरलेलं असतं, तो ऑफसेट, म्हणजे रिमची हबला टेकणारी बाजू तिच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे ते. आकडा जेवढा कमी, तेवढं चाक बाहेर. 6 जे (म्हणजे सहा इंच रुंद), ईटी 45 च्या जागी 7 जे, ईटी 35 लावली तर बाहेरची कड जवळजवळ 23 मिमी पुढे येते. रिकाम्या गाडीत काही जाणवत नाही. घरची पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन गगनबावड्याचा घाट उतरताना मात्र टायर मडगार्डला घासतो. म्हणून आम्ही गाडीत वजन टाकून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघतो. आतून ब्रेकचा कॅलिपर आणि शॉकअबला किती जागा उरते तेही बघतो. हब आणि रिमच्या मध्ये स्पेसरची चकती लावून जागा करून द्या म्हणाल तर आमचं उत्तर नाही असंच असेल.

टायरची पूर्ण उंची मूळ टायरएवढी हवी. 185/65 आर 15 ची उंची सुमारे 621 मिमी, 195/55 आर 16 ची तेवढीच, म्हणून ही अदलाबदल चालते. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. 82 म्हणजे एका टायरवर 475 किलो. रिमसोबत जुने टायरही आले असतील तर बाजूचे शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. वेल्डिंग केलेली अलॉय रिम आम्ही बसवत नाही.

बसवताना हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ करतो. आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावत नाही. नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने, आणि शेवटी गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळतो. 50 ते 100 किलोमीटर चालवून परत या, पुन्हा तपासून देतो. रिमचं माप बदललं तर विमा कंपनीला कळवा.

स्टेपनी मूळ लोखंडी डिस्कचीच राहणार. तिला नवे गोल नट चालत नाहीत. जुने चार नट पिशवीत बांधून डिकीत टाकतो, ते तिथेच ठेवा. आणि नव्या नटाला गाडीतला पाना बसतो का, ते आमच्या दारातच लावून बघा.