सर्व्हर व वर्कस्टेशन प्रोसेसर : निवड

अनेकांची छोटी-मोठी कामे एकाच वेळी, दिवसरात्र न थांबता उरकण्यासाठी बनवलेला तो सर्व्हर प्रोसेसर. एका माणसाचे अवजड काम लवकर हातावेगळे करण्यासाठी बनवलेला तो वर्कस्टेशन प्रोसेसर. दोघांतील कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे गणित करणारे भाग) पुष्कळदा एकाच रचनेचे असतात, म्हणून ‘सर्व्हरचा आहे, म्हणजे भारीच’ हे दुकानातले वाक्य अर्धेच खरे. कोल्हापुरात ही निवड मुख्यतः दोन ठिकाणी करावी लागते : शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतील फाउंड्री (धातूचे ओतकाम करणारे कारखाने) आणि मशिन शॉपच्या डिझाइन विभागांत, आणि सहकारी बँका, पतसंस्था व साखर कारखान्यांच्या हिशेब विभागांत. दोघांच्या गरजा जवळजवळ उलट्या आहेत.

नावावरून फारसा बोध होत नाही. इंटेल कंपनीने १९९८ मध्ये ‘झिऑन’ हे नाव आणले. आज त्याच नावाखाली सर्व्हरचे आणि, ‘डब्ल्यू’ अक्षर लावून, वर्कस्टेशनचेही प्रोसेसर विकले जातात. प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीने २०१७ मध्ये सर्व्हरसाठी एपिक आणि टेबलावरच्या मोठ्या कामांसाठी थ्रेडरिपर अशी वेगळी नावे ठेवली, तेवढी सोय झाली.

फरक कुठे आहे ते एएमडीच्या झेन ४ या कोअर-रचनेच्या पिढीत स्पष्ट दिसते. एपिक ९६५४ मध्ये ९६ कोअर आहेत, पण त्याचा सर्वोच्च वेग ३.७ गिगाहर्ट्झ. थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्समध्येही ९६ कोअर आहेत, वेग मात्र ५.१ पर्यंत जातो. साध्या रायझन ९ ७९५०एक्समध्ये १६ कोअर आणि ५.७ गिगाहर्ट्झ. म्हणजे एका वेळी एकच कोअर वापरणाऱ्या कामात सर्वांत स्वस्त असलेला रायझन सर्वांत पुढे. एपिकची ताकद दुसरीकडे आहे : एका बोर्डावर असे दोन प्रोसेसर बसतात आणि मेमरीचे चॅनल, म्हणजे मेमरीतून प्रोसेसरकडे आकडे येण्याचे रस्ते, १२ असतात. थ्रेडरिपर प्रोला आठ, रायझनला दोनच.

फाउंड्रीतील काम यातल्या कोणत्या प्रकारचे? दोन्ही, आणि गोंधळ इथेच होतो. कास्टिंगचे (ओतीव भागाचे) किंवा पॅटर्नचे (साचा बनवण्याच्या नमुन्याचे) त्रिमितीय मॉडेल बनवताना कॅड (संगणकावर आराखडा काढण्याचे) सॉफ्टवेअर बहुतेक वेळ एकाच कोअरवर चालते. फिलेट (कोपऱ्याची गोलाई) बदलला की मॉडेल पुन्हा उभे राहीपर्यंत डिझाइनर पडद्याकडे पाहत बसतो, आणि तिथे ९६ पैकी ९५ कोअर रिकामे असतात. उलट मोल्डमध्ये धातू कसा भरेल, कुठे शेवटी गोठेल, श्रिंकेज (धातू आकसून पडणारी पोकळी) कुठे येईल हे काढणारे सिम्युलेशन अनेक कोअरवर वाटता येते. पण त्यालाही मर्यादा आहे. संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार कामाचा ९५ टक्के भाग वाटता आला, तरी कितीही कोअर लावून वेग २० पटींपलीकडे जात नाही. शिवाय अशा गणितात कोअर पुष्कळदा मेमरीतून आकडे येण्याची वाट पाहत थांबतात, म्हणून चॅनलची संख्या कोअरच्या संख्येइतकीच पाहावी लागते. मॉडेलिंग रोज आणि सिम्युलेशन कधीतरी, अशा छोट्या कारखान्याला जास्त वेगाचे १६ कोअर पुरेसे ठरतात. रात्रभर सिम्युलेशन लावून ठेवणाऱ्याने थ्रेडरिपर प्रो किंवा झिऑन डब्ल्यू पाहावा.

इसीसी मेमरी, म्हणजे स्वतःतली चूक पकडणारी मेमरी, हा दोन्हींना लागू असलेला मुद्दा. तीत माहितीच्या बिटांसोबत (०-१ या खुणांसोबत) काही जादा बिट ठेवलेले असतात. एक बिट उलटला तर तो आपोआप दुरुस्त होतो, दोन उलटले तर चूक निदान कळते. पतसंस्थेच्या खातेवहीसाठी ही तडजोड करण्याची जागा नव्हे. रायझनवर इसीसी चालणे बोर्डावर अवलंबून असते, हे खरेदीआधीच विचारलेले बरे.

हिशेब विभागात एका वेळी अनेक शाखांतून माणसे सर्व्हरशी जोडली जातात. तिथे एका कोअरचा वेग दुय्यम. मेमरी, डिस्कसाठीच्या लेन (डिस्क व प्रोसेसर जोडणारे मार्ग) आणि अखंड चालणे महत्त्वाचे. सर्व्हर बोर्डावर दुरून नियंत्रणाची वेगळी चिपही असते. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचा पूर शिरोलीजवळ महामार्गावर आला, तेव्हा वाहतूक बंद पडली होती. अशा दिवशी हँग झालेले यंत्र घरबसल्या बंद-चालू करता येणे ही चैन नव्हे.

सर्व्हरची एक अडचण कोटेशनमध्ये लिहिलेली नसते : आवाज. रॅकमध्ये (सर्व्हर रचण्याच्या कपाटात) बसणाऱ्या सर्व्हरचे पंखे हवा पुढून मागे जोराने ओढतात. असे यंत्र डिझाइनरच्या टेबलाशेजारी ठेवले, तर फोनवर बोलता येत नाही. आणि वाळूची बारीक धूळही ते सोबत ओढते.

सॉफ्टवेअरच्या परवान्याचा खर्च प्रोसेसरपेक्षा मोठा असू शकतो. विंडोज सर्व्हरचा परवाना कोअर मोजून घ्यावा लागतो, किमान १६ कोअरचा. विंडोज ११ होम एकच प्रोसेसर वापरते, प्रो दोन.

जुन्या बाजारातील सर्व्हर प्रोसेसर स्वस्त पडतात, आणि मोह होतो. २०१६ चा झिऑन ई५-२६८० व्ही४ कागदावर १४ कोअरचा आहे, पण सर्वोच्च वेग ३.३ गिगाहर्ट्झ. घरगुती फाइल सर्व्हरला तो चालेल, कॅडला नको. विंडोज ११ च्या मान्य यादीत तो बसत नाही, आणि विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. त्यामुळे तो घ्यायचाच तर लिनक्सवर चालवण्याची तयारी हवी.